अकरा व्हॉल्व्ह

पहिल्या आवृत्तीत एक निळा थेंब होता.
बोट लावलं की पसरायचा,
नकाशावरचं गाव गल्लीगल्लीनं निळं व्हायचं.
अमरावतीच्या लॅबमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
मीही, थोड्या.

दिवाळीच्या सुट्टीत तो झिंगरूजींना दाखवला,
टाकीजवळ, पहाटे पाचला.
त्यांच्या काखेत व्हॉल्व्हची लांब चावी.
त्यांनी स्क्रीन लांब धरली, जवळ धरली,
म्हणाले, "चांगलं हाय. पन पोरी,
हे दाबू कवा? माहे हात त वल्ले."

त्यांचा फोन बटनांचा. पाचाचं बटन झिजून कोरं.

मग आठ दिवस मी कोड लिहिला नाही.
चप्पल घालून त्यांच्या मागं चालले.
अकरा व्हॉल्व्ह.
लाईन रात्री आली तर पंप रात्री,
पहाटे आली तर पहाटे,
म्हणजे पाण्याला वेळ अशी नाहीच,
म्हणून बाया वेचणीचा रोज बुडवून
नळापाशी गुंड, गंज, बादल्या मांडून बसतात.

वहीत लिहिलं:
टेकडीपुऱ्यात आधी वारा येतो, मग पाणी.
सातवा व्हॉल्व्ह उलटा फिरतो.
शाळेमागची लाईन बंद करायच्या आधी
झिंगरूजी उभे राहतात,
भांड्यांचा आवाज थांबेपर्यंत.

ही शेवटची अट कशी लिहायची
मला अजून माहीत नाही.

थेंब पुसला. नकाशा पुसला. लॉगिन, पासवर्ड,
"आपला अभिप्राय कळवा", सगळं पुसलं.
चार हजार ओळींच्या साठ उरल्या.
आता झिंगरूजी एका नंबरला मिसकॉल देतात,
टेकडीपुऱ्यासाठी एक, शाळेमागं दोन,
आणि त्या त्या गल्लीतले फोन
एक रिंग देऊन गप्प होतात.
कोणी उचलत नाही. उचलायचाच नाही.

सयाबाई राहिली.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही,
हे मला लहानपणापासून माहीत,
आणि तरी यादीत तिच्या नावापुढं
भाच्याचा नंबर टाकून मी मोकळी झाले होते.

तिनं मला मनगटाला धरून नळाशी नेलं.
माझा तळवा पाईपावर ठेवला, वरून तिचा.
बराच वेळ काही नाही.
पलीकडं कोणीतरी बकरीला शिव्या देत होतं.
मग लोखंडातून मुंगी चालल्यासारखं काहीतरी,
आणि तिनं माझ्याकडं पाहिलं: आलं.
खरंच आलं, अर्ध्या मिनिटानं.
लग्न होऊन आली तेव्हापासून
ती अशीच उभी राहून पाणी भरते.

गणपतीच्या माळेतला एक लाल बल्ब,
तडा गेलेला जुना फोन, काळी टेप.
चुलीशेजारच्या भिंतीवर ते लावलं.
दिसायला अगदीच वाईट.
फोन थरथरला की बल्ब लागतो.
पहिल्या दिवशी लागला,
तरी ती जाऊन पाईपाला हात लावून आली.
बरोबरच केलं.

कारण मार्चमध्ये माझी परीक्षा होती,
रिचार्ज संपलेला मला कळलाच नाही,
तीन दिवस सगळं मुकं.
झिंगरूजींनी चावीनं पाईप बडवला, पूर्वीसारखा.
मला फोनही केला नाही.
"तू अभ्यास करत असशीन म्हनून," म्हणाले.
त्या रात्री मी हॉस्टेलच्या गच्चीवर
बराच वेळ बसून होते.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं,
"यात दाखवण्यासारखं काय आहे?"
मी बल्ब दाखवला. तो तिथं लागला नाही.

परवा गावात होते. पहाटे चार.
मनोरमाकाकूचा फोन नवऱ्यासोबत ओलिताला गेलेला,
शेजारचा चार्जिंगवर, त्याच्या पलीकडचा
पोरानं गेम खेळून संपवलेला.
सयाबाईच्या भिंतीवर लाल उजेड पडला.
ती उठली, गुंड कडेला घेतला,
पण नळाकडं नाही गेली.
गल्लीतल्या एकेका दारावर थाप,
थाप केवढी मारायची याचा तिला अंदाज नाही,
कड्या नाचत होत्या, कुत्री उठली होती,
आणि आतून काकूचा आवाज,
"उठतो वं माय, उठतो!
दार त राहू दे!"